छत्रीआडचा समुद्र

एकदा काय झालं, एका राजानं सकाळी उठून चूळ भरायला तोंडात पाणी घेतलं आणि फुर्रकन बाहेर उडवलं. समोर प्रधान उभा होता. प्रधान भिजला.

"पाणी खारट!" राजा ओरडला.

प्रधानानं ओठांवरून जीभ फिरवली. "खारटच आहे, महाराज."

हसू नका रे. हसायची गोष्ट नाही ही. राजवाड्याची विहीर खारट, देवळामागची विहीर खारट, बाजारातली खारट, कुणाच्या परसातली इवलीशी विहीर, तीसुद्धा खारट. आदल्या संध्याकाळी सगळं पाणी गोड होतं, आणि सकाळी हे असं. बायका पोहरा ओढायच्या, ओंजळीनं एक घोट घ्यायच्या, आणि थू! रागानं वाकून विहिरीतच थुंकायच्या. पुरुषही थुंकायचे. शाळेत जाणारी पोरं तर ओळीनं उभी राहून थुंकायची. हे थुंकणं लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.

मग लोक काय प्यायला लागले? शहाळी. समुद्राकाठचं राज्य ते, परसापरसात माड, त्यांना काय तोटा! पण शहाळी प्यायची, शहाळ्याच्या पाण्यात भात शिजवायचा, त्याच पाण्यानं आंघोळ करायची, असं किती दिवस चालणार? राजाच्या अंगाला तर मुंग्या लागायला लागल्या. आणि एका सकाळी न्हाणीघरात शहाळ्याच्या मलईवरून त्याचा पाय सटकला आणि घोट्यात मोडला. झालं, राजा खाटेवर.

होता होता सगळे माड रिकामे झाले. लोक पहाटे उठून केळीच्या पानांवरचं दंव चाटायला लागले. राज्यात एकाच माडावर थोडी शहाळी उरली. राजवाड्यामागच्या माडावर. आणि राणीला नुकताच मुलगा झालेला. राणीला पाणी नाही तर दूध नाही, आणि दूध नाही तर बाळ कशावर जगणार? म्हणून ती शहाळी राणीसाठी राखून ठेवली. राणी रोज एक शहाळं प्यायची आणि खिडकीतून वर बघायची, किती उरली म्हणून.

मग राजाचे तीन काका पुढे आले. थोरले काका, मधले काका आणि धाकटे काका. तिघेही पांढऱ्या मिशांचे. थोरले काका बोलायचे, मधले काका तेच पुन्हा बोलायचे आणि धाकटे काका म्हणायचे, "हो ना, हो ना."

थोरले म्हणाले, "समुद्र रागावलाय."

मधले म्हणाले, "रागावलाय समुद्र."

धाकटे म्हणाले, "हो ना, हो ना."

आता ऐका. त्या राज्यात समुद्राच्या कडेकडेनं एक जुनी वाट होती. इतकी जुनी, की तिच्यावरचे जांभ्याचे दगड घोड्यांच्या टापांनी वाटीसारखे खोलगट झाले होते. राज्यावर संकट आलं की राजानं नाहीतर राजाच्या मुलाबाळांपैकी कुणीतरी घोडीवर बसून त्या वाटेनं जायचं, वाटेत दोन मुक्काम करायचे, तिसऱ्या दिवशी जमिनीचं शेवटचं टोक गाठायचं आणि समुद्राला नारळ द्यायचा. मग संकट टळतं, असं म्हणायचे.

पण त्या वाटेचा एक नियम होता. वाटेवर असताना समुद्राकडे बघायचं नाही! घोडीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. बसणाऱ्यानं एक मोठ्ठी छत्री घ्यायची आणि ती समुद्राच्या बाजूला आडवी धरायची. नजर कुठे ठेवायची? डोंगरावर. आणि टोकाला पोचल्यावर समुद्राकडे पाठ करून नारळ डोक्यावरून मागे फेकायचा. धप्प!

का म्हणून? कारण फार पूर्वी एका राजपुत्रानं समुद्राकडे बघितलं आणि त्याचे डोळे लालभडक झाले, सुजले, त्यांतून पाणी गळायला लागलं. जो बघेल त्याचे डोळे समुद्र घेऊन जातो, असं तेव्हापासून सगळे म्हणायला लागले. तेव्हापासून राजवाड्याच्या सगळ्या खिडक्या डोंगराकडे. गावातली सगळी दारं डोंगराकडे. मासे खायचे ते खाडीचे. समुद्राच्या इतक्या जवळ राहायचं, रोज त्याचा आवाज ऐकायचा, आणि जन्मभर त्याचं तोंड बघायचं नाही! बघा म्हणजे झालं.

राजाचा पाय मोडलेला, राजपुत्र पाळण्यात. मग जायचं कुणी? राजाची मुलगी होती तेरा वर्षांची. नाव लवंगिका. पण तिला तसं कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणायचे लवंगी. लहान होती, सडसडीत होती, आणि काही पटलं नाही की तोंडातून ठिणगी बाहेर पडायची.

"नियम कुणी केला?" तिनं विचारलं.

"मोठ्यांनी," थोरले आजोबा म्हणाले. तिच्या बापाचे काका, म्हणजे तिचे आजोबाच ते.

"कुठल्या मोठ्यांनी?"

"आमच्याहून मोठ्या."

"त्यांना कुणी सांगितला?"

"त्यांच्याहून मोठ्यांनी. आणि तू आता तोंड बंद कर."

"हो ना, हो ना," धाकटे आजोबा म्हणाले. पण हळूच म्हणाले बरं का.

लवंगीनं पाळण्यात बघितलं. बाळ मूठ चोखत होतं. खिडकीतून माडाकडे बघितलं. मग ती तबेल्यात गेली आणि तिनं आपल्या घोडीवर खोगीर चढवलं. घोडीचं नाव शिंपली. पांढरी होती, पण उन्हात उभी राहिली की अंगावर गुलाबी-निळी झाक यायची. शिंपल्याच्या आत असते ना, तशी. मधले आजोबा आले आणि त्यांनी शिंपलीच्या डोळ्यांवर जरीची पट्टी करकचून बांधली. शिंपली थरथरली.

मग निघाले सगळे. पुढे थोरले आजोबा, मग मधले, मग धाकटे, आणि शेवटी लवंगी. चारही जनावरांचे डोळे बांधलेले. चारही माणसांच्या उजव्या हाताला चार छत्र्या आडव्या. डोंगरावरून बघितलं असतं तर वाटलं असतं, चार मोठी अळंबी घोड्यांवर बसून कुठे निघाली आहेत!

पहिल्या दिवशी वाट वाळूवरून गेली. घोडे चाचपडत चालत होते. छत्रीपलीकडून आवाज येत होता. धाड, स्स्स. धाड, स्स्स. दुपार झाली आणि मग काय झालं? एक लाट आली. वाळूवरून सरसर सरसर पुढे आली आणि शिंपलीच्या पायापाशी येऊन थांबली. गेली. दुसरी आली, तीही तिथेच थांबली. लवंगीला छत्रीखालून फक्त पाण्याची कड दिसत होती. तिला वाटलं, कुणीतरी दाराशी येऊन आत येऊ का विचारतंय आणि परत जातंय. मग तिसरी लाट आली ती उसळलीच! थोरल्या आजोबांच्या हातातली छत्री तिनं खस्सकन ओढून नेली.

"मेलो!" थोरले आजोबा ओरडले. त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि घोड्याच्या मानेवर पालथे पडले. मधल्यांनी धोतराचा सोगा त्यांच्या डोक्यावरून घातला. केवढी धांदल! त्या गडबडीत खाण्याचं गाठोडं पडलं, तेही लाटेनं नेलं.

संध्याकाळी केवड्याच्या बनात उतरले. लवंगी म्हणाली, "आजोबा, घोड्यांना दिसलं असतं तर ते बाजूला झाले असते. पट्ट्या काढूया."

"पट्ट्या सैल होत्या म्हणून हे झालं," थोरले आजोबा म्हणाले.

"सैल होत्या पट्ट्या," मधले म्हणाले. आणि त्यांनी प्रत्येक घोड्याला आणखी एक पट्टी बांधली. वरून.

आता मला सांगा, पट्टीमुळे घोटाळा झाला तर माणूस पट्टी काढेल की दुसरी बांधेल? मोठी माणसं कधीकधी अशी वागतात, की यांना मोठं कुणी केलं असं वाटतं. जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी वाट कातळावरून गेली. काळा सपाट कातळ, ऊन तापलेलं, आणि छत्रीचा हात भरून आलेला. त्या कातळाला मधेच एक भोक होतं, विहिरीएवढं. खालून समुद्र आत शिरायचा आणि भोकातून वर यायचा. घोडे त्याच्या कडेनं चाचपडत निघाले. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. शिंपली आली मात्र, आणि भोकातून पाण्याचा एक हात वर आला!

हो, हात. पाण्याचाच. पाच बोटं होती त्याला, आणि मनगटावर फेसाचं कडं. हातानं शिंपलीच्या गालावरून बोटं फिरवली, अगदी हळू, आणि उजव्या डोळ्यावरच्या दोन्ही पट्ट्या चिमटीनं वर सरकवल्या. मग तो हात पडला. फस्स. नुसतं पाणी.

लवंगीला वाटलं, गेला आता शिंपलीचा डोळा! तिनं घोडीचं तोंड आपल्याकडे वळवलं. तर काय! डोळा जागच्या जागी. मोठा, काळाभोर, पाणीदार. शिंपलीनं समुद्राकडे बघितलं, कान उभे केले आणि गळ्यातून असा आवाज काढला, जो ती फक्त आपल्या आईला बघून काढायची.

लवंगीनं पट्टी खाली ओढली नाही. कुणाला सांगितलंही नाही. पण मनातल्या मनात म्हणाली, घोडीच्या डोळ्याला काही झालं नाही, तर मग त्या पूर्वीच्या राजपुत्राच्या डोळ्यांना का झालं?

त्यानंतर शिंपली चाचपडेनाशी झाली. दगड चुकवून, खड्डे टाळून ऐटीत चालायला लागली. थोरले आजोबा मागे वळून म्हणाले, "बघितलंस? दुसरी पट्टी बांधल्यावर कशी सरळ चालते!"

"हो ना, हो ना," धाकटे आजोबा म्हणाले. पण त्यांनी शिंपलीचा उघडा डोळा बघितला होता.

तिसऱ्या दिवशी वाट वर चढली. जमीन निमुळती होत गेली आणि टोक जवळ आलं. आता टोकावर काय होतं, समुद्र उजवीकडेही असतो आणि समोरही असतो. मग नियमाप्रमाणे सगळ्यांनी छत्र्या समोर धरल्या. थोरल्या आजोबांची छत्री गेली होती, म्हणून त्यांनी उपरणं तोंडावर घेतलं.

"आजोबा, समोरचं काहीच दिसत नाही," लवंगी म्हणाली.

"दिसायचं कशाला? आमच्या वेळी वाट इथून सरळ वडाच्या झाडापर्यंत जायची. मी माझ्या वडिलांबरोबर आलोय. डोळे झाकून चालत राहा."

"डोळे झाकूनच," मधले आजोबा म्हणाले.

आणि शिंपली थांबली. चारही पाय रोवून उभी राहिली. लवंगीनं टाच मारली, तरी हलेना. तेवढ्यात पुढून दगड घरंगळल्याचा आवाज आला. एक दगड पडला. पण तो खाली पोचल्याचा आवाज काही आला नाही.

बघावं तर डोळे जाणार. न बघावं तर आजोबा जाणार. ती तेरा वर्षांची होती रे. तिला बाळाचं तोंड बघायचं होतं, आईचं बघायचं होतं, अजून कितीतरी बघायचं होतं. पण तिनं छत्री भिरकावून दिली आणि डोळे टक्क उघडले.

आणि काय बघते! पुढे वाट नव्हतीच. वडाचं झाडही नव्हतं. थोरले आजोबा तरुण असताना जे टोक होतं ते कधीच ढासळून समुद्रात गेलं होतं. वाट कड्यापाशी कापल्यासारखी संपत होती, आणि तिघे आजोबा, एकामागे एक, तोंडं झाकून, ताठ बसून, सरळ कड्याकडे निघाले होते!

"आजोबा, थांबा!" ती किंचाळली.

थोरले आजोबा न थांबता म्हणाले, "किती वेळा सांगितलं, चालत्या माणसाला मागून हाक मा..."

आणि गेले. घोड्यासकट. त्यांच्यामागे मधले, आणि मधल्यांच्या मागे धाकटे. तिघेही!

अरे, उठून बसलात का? आडवे व्हा. सांगते.

लवंगी खोगिरावरून उडी मारून कड्यापाशी धावली. पोटावर आडवी पडून खाली बघितलं. तर खालून पाणी वर येत होतं. लाट नव्हे, ओंजळ! हिरवी, चकाकणारी, राजवाड्याएवढी ओंजळ. आणि तीत तिघे आजोबा घोड्यांवर बसल्याबसल्या अलगद तरंगत होते. अंगाला खरचटलंसुद्धा नव्हतं. आणि तिघांचेही डोळे घट्ट मिटलेले! थोरल्यांचं उपरणं उडालं होतं, छत्र्या कुठल्या कुठे गेल्या होत्या, पण डोळे मात्र मिटलेलेच.

ओंजळीमागे समुद्र होता. लवंगीला वाटायचं, समुद्र म्हणजे जरा मोठी खाडी असेल. पण हा संपतच नव्हता. ती डावीकडे बघत गेली तरी तो होता, उजवीकडे बघत गेली तरी होता, आणि समोर तर आभाळाला जाऊन टेकला होता. त्या मुलीच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नव्हतं, ते त्या दिवशी लागलं. तिचे डोळे गेले नाहीत. उलट एवढं सगळं मावायला दोनच डोळे, असं तिला झालं.

आणि समुद्र बोलला. आवाज मोठा होता, पण चकित झालेला. "कोण गं तू? तू... माझ्याकडे बघतेस?"

"बघतेय," लवंगी म्हणाली.

"खरंच?"

"अहो, खरंच. तुम्ही माझे डोळे नेणार होता ना?"

"मी?" समुद्र एवढा दचकला, की ओंजळ हिंदकळली आणि मधले आजोबा "अयाई" म्हणाले. "मी कशाला नेऊ? मला काय करायचेत तुझे डोळे?"

"मग राजपुत्राचे लाल का झाले?"

"तो होय! अगं, त्याचे डोळे आले होते! घरून निघाला तेव्हाच आलेले होते. ऊन सोसेना म्हणून बिचाऱ्यानं छत्री आडवी धरली. बरोबरचे लोक म्हणाले, राजपुत्र बघत नाही तर आपण कसं बघायचं? त्यांनीही छत्र्या धरल्या. मग कुणीतरी म्हणालं, राजपुत्राचे डोळे झाकलेले आणि त्याची घोडी उघड्या डोळ्यांनी चालते, हे शोभतं का? तिलाही पट्टी बांधली. मी वाट बघितली, की डोळे बरे झाले की बघतील. त्याचे चार दिवसांत बरे झाले. तुमचे अजून झाले नाहीत!"

लवंगी कपाळाला हात लावून बसली. डोळे आले होते! एका माणसाचे डोळे आले म्हणून इतक्या पिढ्या आंधळ्या झाल्या!

समुद्र म्हणाला, "आधी असं नव्हतं गं. तुमची पहिली राणी यायची. तिच्या घोडीला लगामसुद्धा नसायचा. इथे टोकावर बसून फणसाचे गरे खायची, आठळ्या माझ्यात टाकायची आणि घरच्या सगळ्या गोष्टी सांगायची. नंतर जे आले ते पाठ करून आले. आणि नारळ मारून गेले! डोक्यात! हे टेंगूळ बघ."

आणि खरंच, दूर पाण्यात एक खडक वर आला होता. टेंगळासारखा गोल.

"मला वाटलं, तुम्ही सगळे माझ्यावर रागावलात," समुद्र म्हणाला. "काय चुकलं तेच कळेना. म्हटलं, हे येऊन बघत नाहीत तर आपणच जाऊन बघावं. पण दारं तुमची डोंगराकडे. मग विचार केला, विहिरीत तर माणूस वाकून बघतोच ना? म्हणून जमिनीखालून हळूहळू, वाट काढत काढत आलो. एका रात्रीत सगळ्या विहिरींत जाऊन बसलो. सकाळ झाली. वर एक तोंड आलं. मला इतका आनंद झाला! तिनं माझ्याकडे बघितलं, घोट घेतला..."

एक लाट कड्यापर्यंत आली आणि मागे सरली.

"आणि थुंकली. मग दुसरी आली, थुंकली. पोरं रांग लावून थुंकली. सगळं राज्य येऊन माझ्या तोंडावर थुंकून गेलं, बाय."

लवंगीला हसावं की रडावं कळेना. तिला रडूच आलं. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चुकलं आमचं. पण आता तुम्ही विहिरींतून निघा. माझा भाऊ पाळण्यात आहे. आईची शेवटची शहाळी संपत आली आहेत."

"निघतो. पण मग मला बघायला कोण येणार?"

"मी येईन."

"तू येशील. तुझ्यानंतर पुन्हा छत्र्या येतील. या तुझ्या मोठ्यांनी उघडपणे माझ्याकडे बघू दे. मग मी आलो तसा जातो."

मग लवंगी कड्यावर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "आजोबा! ऐकलंत सगळं? डोळे उघडा!"

"नियम आहे," थोरले आजोबा डोळे मिटूनच म्हणाले.

"नियम आहे," मधले म्हणाले.

धाकटे आजोबा काही म्हणाले नाहीत. त्यांनी एक डोळा किलकिला केला. मग दुसरा उघडला. मग त्यांचा जबडाच खाली आला.

"अगं बाई!" ते म्हणाले. "एवढा मोठा? म्हाताऱ्या माणसाला कुणी सांगायचं नाही का, की एवढा मोठा आहे म्हणून?" आणि ते लहान पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले. "मधले दादा, बघा! अहो बघा तर! निळा आहे! मला वाटायचं काळा असतो!"

मधल्यांना राहवलं नाही. त्यांनी डोळे उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा थोरल्यांच्या आधी बोलले. "निळा आहे!"

राहिले थोरले. त्यांचे डोळे मिटलेले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते हळूच म्हणाले, "लवंगी, मी ऐंशी वर्षांचा आहे. ऐंशी वर्षं मी बघितलं नाही. माझ्या मुलांना बघू दिलं नाही. तुझी आजी एकदा छत्री बाजूला करायला लागली, तर मी तिच्या हातावर फटका मारला. आता मी बघितलं, आणि ते चांगलं निघालं, तर मग मी काय करू?"

सगळे थोरल्यांकडे बघायला लागले. समुद्रसुद्धा.

लवंगीनं ऐकलं. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ती लवंगी होती.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमची ऐंशी वर्षं आता मला परत आणता येत नाहीत. पण घरी एक बाळ आहे, त्याला अजून एकही वर्ष झालं नाही. तुमची लाज मोठी की त्याचा घोटभर घसा ओला होणं मोठं? पटकन सांगा. मला रडायला वेळ नाही."

थोरल्या आजोबांनी डोळे उघडले.

ते बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले, की ऊन उतरलं, सूर्य खाली आला आणि समुद्र सोन्याचा झाला. मग ते एवढंच म्हणाले, "तिचा हात लाल झाला होता."

समुद्रानं ओंजळ वर उचलली, तिघांना घोड्यांसकट कड्यावर ठेवलं आणि म्हणाला, "जातो मी विहिरींतून. आणि हे तुमचे घ्या." असं म्हणून त्यानं एक मोठ्ठी लाट किनाऱ्यावर टाकली. तिच्यातून काय आलं? नारळ! इतक्या पिढ्यांनी डोक्यात मारलेले सगळेच्या सगळे नारळ, गडगडत, उड्या मारत वाटेच्या कडेनं जाऊन बसले. प्रत्येकाला हिरवा कोंब फुटलेला. समुद्राकाठी माडांची रांग असते ना, ती तेव्हापासूनची बरं का.

मग ते परत निघाले. पट्ट्या काढून टाकल्या. येताना वाळूवर लाटा यायच्या, शिंपलीच्या पायांना हात लावून जायच्या, आणि शिंपली मुद्दाम पाण्यातून चालायची. कातळातल्या भोकापाशी पाण्याचा हात वर आला, तर धाकट्या आजोबांनी तो हातात घेऊन हलवला. सोडेचनात. लवंगीला म्हणावं लागलं, "चला आता, बाळ वाट बघतंय."

राजवाड्यात पोचले तर दारातच राणी उभी होती. हातात तांब्या. माडावरचं शेवटचं शहाळं आदल्या दिवशीच संपलं होतं, आणि सकाळी विहीर गोड झाली होती. बाळ पोटभर पिऊन झोपलं होतं. राजा खाटेवरून विचारायला लागला, काय झालं, कसं झालं? थोरले आजोबा पुढे झाले. त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि राजाच्या खोलीची समुद्राकडची भिंत फोडायला सुरुवात केली. प्रधान ओरडला, दासी पळाल्या. ऐंशी वर्षांचा माणूस धडाधड पहार मारतोय! एक दगड पडला, दुसरा पडला, आणि तिसऱ्या दगडाबरोबर सगळा समुद्र खोलीत आला. निळाच्या निळा. राजा मोडक्या पायावर उभा राहिला.

मग सगळ्या गावानं भिंतींना खिडक्या पाडल्या. वाटेवर लोक घोड्यांवरून जायला लागले, मोकळ्या डोळ्यांनी, बरोबर फणसाचे गरे घेऊन. टोकावर बसायचं, गरे खायचे, घरच्या गोष्टी सांगायच्या. सगळे सुखात राहिले.

पण थांबा, एक राहिलंच. पुढे खूप वर्षांनी लवंगी म्हातारी झाली. आणि लोकांनी काय केलं माहीत आहे? नवा नियम! म्हणे, समुद्राकडे बघताना पापणी लववायची नाही. पापणी लवली तर समुद्राचा अपमान होतो! माणसं डोळे फाडून उभी राहायला लागली. पोरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लवंगीनं हे ऐकलं मात्र, ती काठी टेकत उठली, शिंपलीच्या नातीवर बसली, टोकावर गेली. सगळा गाव जमलेला. सगळ्यांच्या समोर तिनं समुद्राकडे बघून डोळा मारला! म्हातारीनं! डोळा!

गाव हबकून उभा राहिला. आणि समुद्र असा हसला, असा हसला, की सगळेच्या सगळे नखशिखान्त भिजले.

झाली गोष्ट. आता मिटा बघू डोळे. झोपायला मिटायचे बरं का, न बघायला नाही. सकाळी उठलात की टक्क उघडायचे. आणि कुणी म्हणालं, इकडे बघू नका, तर आधी विचारायचं, कुणाचे डोळे आले होते?